आईचा सुळा आन् आत्तीचं डोळं

आदी त्या सकाळी घरात कोण कोण हुतं ते सांगते, म्हंजी पुढं घोटाळा नको. खोलीच्या मधोमध घोंगड्यावर माझी आई, पार्वती. तिच्या पायाशी माझी धाकटी भण रुक्की. उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून आत्ती, म्हंजी माझ्या बापाची थोरली भण. तिला दिसत नव्हतं. दारात शेजारची शेवंताकाकी, पदर तोंडाला लावून. अंगणात उचगावचा मामा, बैलं सोडावीत का जुपलेलीच ठेवावीत हे ठरंना म्हणून कासरा धरून उभा. आन् मी. माझा बाप, आबा, नव्हता. तो इचलकरंजीला कापडाच्या मागावर हुता, सुट्टीलाच यायचा. ह्यातलं आता मी एकटीच उरले. रुक्कीबी गेली. ज्यास्नी लाज वाटली असती ती कुणी राहिली न्हाईत, म्हणून आता सांगते.

आमचं बिऱ्हाड मंगळवार पेठेत, एका बोळाच्या टोकाला. पुढं एक खोली, मागं चुलीपुरती जागा, आन् दारात हातभर अंगण. बोळात सोनारांची घरं जास्ती. दिस उजाडला की बारक्या हातोडीची टकटक सुरू व्हायची ती दिवेलागणीला थांबायची. आमास्नी त्या आवाजाची इतकी सवय की आमुशाला काम बंद असलं म्हंजी कानात दडा बसल्यागत वाटायचं. आबा घरी आला की त्या टकटकीवर तेचा आवाज चढायचा. मागाच्या खडखडाटात राहून तेला हळू बोलायचं ठावंच नव्हतं. “मीठ दे” म्हणला तरी सगळ्या बोळाला कळायचं, ह्यांच्यात आज आमटी आळणी झालीया.

आईचं काम दागिनं गाठवायचं. सोनार मणी घडवतो, पानं घडवतो, पण ते सगळं रेशमात ओवून, गाठी मारून, गळ्यात घालण्याजोगं करायचं काम निराळं असतं. साज, ठुशी, बोरमाळ, सगळं आमच्या घरात गाठवलं जायचं. गुजरीतला, म्हंजी सोन्याच्या बाजारातला, सराफ मणी पाठवायचा, गाठवून झालं की माल परत जायचा. हे काम मूळचं आत्तीचं. ती लवकर रांडमुंड झाली, माघारी आली, आन् बोळातल्या एका पटवेकऱ्याच्या म्हातारीकडनं शिकली. तिनं आईला शिकवलं. आई सांगायची, अंगाची हळद निघायच्या आत वन्सनी मला पितळंच्या ताटापुढं बसवलं. दुसऱ्या घरातल्या नव्या नवऱ्या पाणी भरायच्या, भाकऱ्या थापायच्या, आन् आई दिसभर मणी ओवायची. आत्ती शेजारी बसून म्हणायची, “तू ओव. मला तुझा हात बगू दे.” वरीस सरायच्या आत आईला सगळं येत हुतं. लोक म्हणायची, नणंदनं भावजयीला एवढ्या हौसंनं काय शिकवावं असं कुठं बगितलं न्हाय.

काम कसं चालायचं ते सांगायला पायजे, कारण सगळं दुखणं तिथनंच निघालं. रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं आन् दुसरं दातात धरायचं. मधी ताणलेल्या रेशमावर दोन्ही हातानं गाठी बसवायच्या. दात वरचा, उजव्या अंगाचा सुळा. मणी ओवायचा म्हंजी रेशमाचं टोक सुईगत कडक पायजे, कारण ठुशीच्या मण्याचं भोक इतकं बारीक की खरी सुई त्यात जात नव्हती. कुणी मेण लावतं, पण मेण सोन्यावर बसलं की निघत न्हाय. आत्तीची रीत काकवीची. उसाचा रस आटवताना गूळ व्हायच्या आदी जो दाट पाक असतो ती काकवी. उचगावला मामाच्या भागात गुऱ्हाळं पेटली की मामा गाडगं भरून आणायचा. काकवीत टोक बुडवायचं, ओठात धरून वळायचं, जिभंनं अणकुची काढायची, दातात धरून ओढायचं, की टोक ताठ. काम झाल्यावर माल पाण्यातनं काढला की सोनं लख्ख. आमास्नी ती फार शहाणपणाची रीत वाटायची. मीबी शिकायला लागले हुते, आन् खरं सांगायचं तर त्या गोड टोकाच्या आशेनंच बसायचे.

आता आत्तीच्या डोळ्याचं. माझ्या जन्माच्या आदी तिचा तोच सुळा दुखायला लागला. वरचा, उजवा. मंडईच्या वाटंवर एक म्हातारा घोंगडं पसरून बसायचा, पुढ्यात काढलेल्या दातांची रास, हातात चिमटा. तेनं आत्तीचा दात काढला. त्यानंतर थोड्या दिसांत आत्तीला दिसायचं पार बंद झालं. झालं, बोळात एकच बोलणं. वरच्या दाताची शीर डोळ्याला गेलेली असती, दात उपटला की डोळ्याची वात विझती. आत्तीला कुणीबी विचारलं की ती सांगायची, “दातानं गेलं बाई माझं डोळं.” शेवंताकाकी तर त्या म्हाताऱ्यापुढनं जाताना मुद्दाम थुंकायची. हळूहळू तेच्याकडं कुणी जाईना. आमच्या बोळात मग वरचा दात कसाबी दुखू द्या, काढायचा न्हाय असं ठरूनच गेलतं.

दात तर सगळ्यांचंच किडायचं. आमची पोरांची दाढ, कारण मामाचा गूळ. खडा तोंडात धरून झोपायचो, दाढंच्या खळग्यात काळा ठिपका पडायचा, मग भोक, मग त्यात भाकरीचा कण अडकला की बोंब. शेवंताकाकीचं दात मधल्या फटीतनं गेलतं. वरनं धडधाकट दिसायचं आन् एक दिस सुपारीबरोबर अर्धा दात हातात. आत्ती मिशरी लावायची, तिच्या हिरड्या खाली सरकलेल्या, तिची कीड दाताच्या बुडाला, जिथं दात पिवळा आन् मऊ असतो तिथं. हे आता मी एवढं बारकाईनं सांगते कारण माझी नातसून दातांच्या दवाखान्यात कामाला हाय, तिनं मला एक मोठा लाकडी दात उघडून दाखवला. वरचं पांढरं कवच, तेच्या आत पिवळसर, आन् मधी जीव असलेली लाल नस. मी म्हंटलं, बाई, हे सगळं मी आईच्या एका दातात बगितलंय.

आईचा दात पहिल्यांदा नुसता गार पाण्याला कळ मारायचा. सुळ्याच्या कडंला रेशमानं बारीक खाच पडलीती, ती काळी व्हायला लागली. आम्ही म्हणायचो, रेशमाचा रंग लागला. मग गोड लागलं की कळ. आन् आईचं तर सगळं कामच गोडात. तरी ती कळ आली की जरा डोळं मिटायची, आन् पुन्हा टोक ओठात घ्यायची. मग कायबी कढत लागलं तरी कळ यायला लागली. च्या निवून घ्यायची. भाकरी दुधात कुस्करून डाव्या अंगानं गिळायची. लवंग धरली, हिंग भरला, मिठाच्या गुळण्या केल्या. मग एक दिस अशी ठणक लागली की डोक्यात कुणी हातोडी मारतंय. आई म्हणाली, “सोनार बोळात न्हाय, माझ्या तोंडात बसलाय.” हसली आन् हसताना डोळ्यातनं पाणी आलं.

शेवंताकाकी म्हणाली, कीड हाय, धुरी द्यायला पायजे. ती स्वतःच रिंगणीच्या सुक्या बिया घेऊन आली. पळी चुलीत लाल करून त्यावर बिया टाकल्या, वर करवंटी उपडी घातली, करवंटीच्या भोकातनं पपईच्या देठाची नळी आईच्या तोंडात. खाली पाण्याचं ताट. धूर आत जातोय, आईची लाळ ताटात गळतीया, ठसका लागतोय. थोड्या वेळानं ताटात बारीक पांढरं किडं दिसायला लागलं. शेवंताकाकीनं ताट दारात उजेडाला नेऊन सगळ्या बोळाला दाखवलं. आत्ती बसल्या जागेवरनं विचारत हुती, “पडलं का? पडलं का गं?” आन् आम्ही सगळी म्हणत हुतो, पडलं.

आन् दुसऱ्या दिशी ठणक थांबली.

ज्याची आम्ही वाट बघत असतो ते जवा घडतं, तवा ते का घडलं असं कोण विचारतं? आईनं गार पाणी पिऊन बगितलं, कळ न्हाय. ऊन च्या घेतला, कळ न्हाय. गुळाचा खडा सुळ्यावर दाबून बगितला. कायबी न्हाय. त्या दिशी आईनं पुरणाच्या पोळ्या केल्या, शेवंताकाकीला ताट वाढून दिलं. मी आन् रुक्कीनं मात्र राहिलेल्या बिया पळवल्या. आमास्नी आमच्या बाहुलीची कीड काढायची हुती. काकी आन् आई बोलत बसल्यावर चुलीपाशी आम्ही पळी तापवली, बिया टाकल्या, करवंटी ठेवली आन् खाली ताट. बाहुली चिंध्यांची, तिला तोंडबी नव्हतं, दात कुठनं असणार? तरी ताटात तसंच पांढरं किडं. म्हंजी बियाच फुटून त्यातलं कोंब पडत हुतं. मी ताट काकीला नेऊन दाखवलं. तिनं बगितलं, पोळीचा घास खाली ठेवला न्हाय, आन् म्हणाली, “मग तुमच्या घरालाच कीड लागलीया, मी काय करू?” आई हसली. आमीबी हसलो. ठणक तर थांबलीती की.

पुढं बरंच दिस गेलं. आई काम करत हुती, पायाच्या अंगठ्याला रेशीम, दातात टोक. सुळा जरा निळसर, मेलेल्या नखागत दिसायला लागला. मग एक दिस नाकाच्या बाजूला गालावर सुपारीएवढी गाठ. दुसऱ्या दिशी गाल भरला. तिसऱ्या दिशी सूज वर चढून डोळ्याखाली गेली, आन् आईचा उजवा डोळा मिटायला लागला. अंगात ताप. तोंडाला वास. ओठ उचलला तर हिरडी फुगून टच्च.

थोरल्या दवाखान्यात दातांचा डॉक्टर बसतो हे ठावं हुतं. पण आई जायला तयार न्हाय. डॉक्टर दात काढणार, आन् दात काढला की डोळा जाणार. हितं तर न काढताच डोळा मिटत चाललाय, म्हंजी त्या शिरेचं खरंच हाय, असं तिचं म्हणणं. शेवंताकाकीचंबी तेच. तापात आई बडबडायची, मण्याचं भोक, मण्याचं भोक. आबाला निरोप गेलता, तो अजून आला नव्हता. मला कळत हुतं की आई मरायला लागलीया, आन् मला हेबी कळत हुतं की तिला मरायची भीती न्हाय, आंधळं व्हायची हाय. तिच्यापुढं रोज आत्ती बसलेली असायची ना. भिंतीला टेकून, हात मांडीवर पालथं ठेवून, काम न्हाय, धाम न्हाय. जेवायला बोलावलं की जेवायची, आन् नको नको म्हणत कमी जेवायची.

त्या सकाळी मामा आला. हाताला काकवीचं गाडगं. दारात आईचं तोंड बगितलं आन् गाडगं तिथंच ठेवलं.

“अक्का, गाडी जुपलेलीच हाय. ऊठ.”

आई म्हणाली, न्हाय. तोंड उघडत नव्हतं, शब्द दातातनं गळत हुतं.

“मरशील की.”

“डोळं गेलं मग?”

“मी हाय की.”

“तू काय माझं मणी ओवणार व्हय?” आई म्हणाली. “तुझ्या हाताला बैलाची शिंगं तेवढी घावत्यात.”

मामाला हसू आलं न्हाय. तो बाहेर जाऊन कासरा धरून उभा राहिला. शेवंताकाकी हळूच म्हणाली, बळजबरी करू नका, आत्तीबाईंचं काय झालं ते बगताय न्हवं. तवा आत्ती उठली. ती कधी कुणाचा हात धरल्याबिगर उठायची न्हाय. भिंत चाचपत आली, आईपाशी बसली, आन् आईच्या तोंडावरनं हात फिरवला. गालावर, सुजेवर, मिटलेल्या डोळ्यावर. हात तिथंच ठेवला.

“शेवंता, तू जरा घरला जा,” आत्ती म्हणाली.

काकी गेली न्हाय, पण दारातनं बाहेर झाली. आत्तीला ते पावलांवरनं कळलं असणार. तिनं आवाज बारीक केला.

“पारू, माझं डोळं दातानं गेलं न्हाईत.”

आईनं डावा डोळा तिच्याकडं वळवला.

“दात काढायच्या लई आदीपास्नं मला मण्याचं भोक दिसत नव्हतं. पयल्यांदा धुकं, मग कडा दिसायच्या, मधलं दिसायचं न्हाय. तू लगीन होऊन आलीस तवाच मी अर्धी आंधळी हुते.”

“मग बोलला का न्हाई, वन्सं?”

“बोलले असते तर सराफानं काम काढून घेतलं असतं. आन् काम गेल्यावर मी ह्या घरात कोण? भावाच्या चुलीवर बसलेली रांडमुंड भण. तू शिकून हुभी राहिस्तवर मला दिसतंय असंच दाखवायचं हुतं. पुढं दात काढला, त्याच सुमारास पार अंधार झाला. लोकंच म्हणली दातानं गेलं. मी व्हय म्हणले. तेवढं बरं पडलं. दातानं गेलं म्हंटल्यावर कुणी इचारत न्हाय, आदी किती दिसत हुतं.”

आई डाव्या डोळ्यानं तिच्याकडं बगत हुती. मी वाट बघत हुते की आई आता चिडंल. एवढी वर्सं ज्या भीतीपायी तिनं लवंगा चावल्या, धुरी घेतली, ती भीती ह्या बाईनं घातलेली. पण आई म्हणाली, “तरीच. मी नवी नवरी, आन् तुम्ही म्हणायचासा, तू ओव, मला तुझा हात बगू दे.”

“हात कुठला बगतीया,” आत्ती म्हणाली. “मला मणीबी दिसत नव्हता.”

आईच्या सुजलेल्या तोंडातनं एक आवाज आला. हसू हुतं का कण्हणं, मला आजबी सांगता येणार न्हाय. मग तिनं हात वर केला, मी धरला, आन् ती उठली. आत्ती म्हणाली, मीबी येती. आमी सगळी गाडीत बसलो. रुक्कीला काकीकडं ठेवलं. काकीनं आत्तीकडं बगितलं, तोंड उघडलं, आन् मिटलं. तिनं ऐकलं हुतं. पण बोळात ते कधी बोलली न्हाय. तिचं तोंड कसं हुतं ते ज्यानं बगितलंय तेलाच ह्याची किंमत कळंल.

डॉक्टर वयानं मामाएवढाच हुता, बोलायला शांत. आईचा ओठ उचलून तेनं बगितलं, बोटानं दाताला टिचकी मारली, आन् पयला सवाल विचारला, “दुखायचं आपोआप कधी थांबलं?” मी सांगितलं, धुरी दिली त्याच्या दुसऱ्या दिशी. तो म्हणाला, “त्या दिवशी दात मेला. आतली नस कुजली, म्हणून दुखणं थांबलं. बरा झाला नव्हता.” मग सांगितलं, मेलेल्या नसंची घाण मुळाच्या टोकातनं हाडात उतरली, तिथं पू झाला, आन् सुळ्याचं मूळ लांब, डोळ्याच्या जवळ जाणारं, म्हणून सूज डोळ्यावर चढली. आईनं एकच विचारलं, दात काढल्यावर डोळा राहील का. तो म्हणाला, “दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. दात काढल्यानं डोळा जात नाही बाई. हा पू आत ठेवला तर मात्र डोळाच काय, जीवही जाईल.”

आईनं आत्तीचा हात धरला आन् तोंड उघडलं. हिरडीत सुई टोचली. पू आन् रगत किती निघालं ते सांगत न्हाय. आई ओरडली न्हाय. तिच्या पायाचा अंगठा तेवढा ताठ झालता, रेशीम अडकवल्यागत. डॉक्टरनं दात धुऊन वाटीत ठेवला आन् मला जवळ बोलावलं, म्हणाला, ही खाच कशाची? मी सगळं सांगितलं. रेशीम, अंगठा, मणी. तो म्हणाला, रेशमाला काय लावता? म्हंटलं, काकवी. “दिवसभर?” म्हंटलं, दिसभर. मग तो बारक्या आवाजात म्हणाला, अजून कुणाचा ह्याच जागचा दात गेलाय का? मी आत्तीकडं बोट केलं, आन् मग ते बोट माझ्या तोंडाकडं वळवलं, माझ्याबी सुळ्याला खाच पडायला लागलीती.

तेनं मला समजावलं ते मी माझ्या बोलीत सांगते. तोंडात आंबील आंबती तसं गोड आंबतं. ते आंबट दाताचं कवच खातं. वाटीभर गूळ एकदम खाल्ला आन् चूळ भरली तर दाताला सोसतं, तोंडातली लाळ ते निस्तरती. पण थेंब थेंब दिसभर एकाच दातावर लावत राहिलं तर लाळंला उसंतच न्हाय. तिथं आदी पांढरा डाग, मग काळा, मग भोक. भोक आतल्या मऊ भागात गेलं की आतून पसरतं, वरनं एवढंसं दिसतं आन् आत गुहा. किडं बिडं काय नसत्यात. मी म्हंटलं, मला ठावं हाय, आमच्या बाहुलीचंबी पडलं हुतं. तेला ते कळलं न्हाय. मी सांगत बसले न्हाय.

आत्तीचं डोळंबी तेनं उजेडात बगितलं. दोन्ही बाहुल्यांवर पांढरं हाय म्हणाला, मोतीबिंदू, आदी दाखवलं असतं तर, आन् तिथं थांबला. आत्ती म्हणाली, व्हय, आदी दाखवायला पायजे हुतं. पुढं सांगलीला नेऊन दाखवलं, पण मोतीबिंदूमागं आणिक कायतरी बिघडलं हुतं, दिसलं न्हाय.

आईचा डोळा हळूहळू उघडला. आबा आला तवा ती बसून हुलग्याचं माडगं पीत हुती. तेनं विचारलं, काय झालतं? बोळाला ऐकू जाईल असं विचारलं. आई म्हणाली, दात काढला, झालं. आत्तीचं तेला कधी कुणी सांगितलं न्हाय. सूज उतरल्यावर आईनं ताट पुढं घेतलं, ठुशीचा एक मणी उचलला, दारात उजेडाला धरला, आन् ओवला. रेशमाच्या टोकाला पातळ केलेला बाभळीचा डिंक, बोटानं लावलेला. दातात धरायच्या ऐवजी भिंतीत खुंटी ठोकली. काम हळू व्हायला लागलं, आई कुरकुरायची, पण तोंडात पुन्हा कायबी घेतलं न्हाय. मला तर टोक चाटताना दिसले की पाठीत धपाटा. मामाच्या काकवीचं गाडगं तसंच राहिलं, मग आमी ते भाकरीबरोबर खाल्लं आन् चुळा भरल्या.

आन् एक झालं. आईनं मण्याचं ताट घेतलं त्याच दिशी रेशमाची लड आत्तीच्या मांडीवर टाकली. रेशमाला पीळ द्यायचं काम आदी आईच करायची. ती म्हणाली, “वन्सं, ह्याला डोळं लागत न्हाईत. आन् तुमच्यागत पीळ मला येत न्हाय.” आत्तीनं लड चाचपली, टोक शोधलं, मांडीवर रेशीम वळायला लागली. त्यानंतर तिचं हात मी कधी पालथं पडलेलं बगितलं न्हाईत. जेवायला बसली की भाकरी मागून घ्यायची. सराफाच्या माणसानं एकदा इचारलं, पीळ कुणाचा? आई म्हणाली, माझ्या वन्संचा, त्या आंधळ्या हायत. मोठ्यानं म्हणाली, आबासारखं.

एकदा आत्तीनं मला म्हंटलं, मला मंडईच्या वाटंला घेऊन चल. तो दात काढणारा म्हातारा जिथं बसायचा तिथं. मी नेलं. तिथं एक बाई कोथिंबीर विकत बसलीती. इचारलं तर म्हणाली, मला काय ठावं न्हाय, मी बसती तवा जागा मोकळीच हुती. आत्ती थोडा वेळ तिथं उभी राहिली. मग तिनं कोथिंबिरीची जुडी घेतली, आन् आमी घरला आलो.

आता माझ्या तोंडात दात थोडंच राहिल्यात. जे हायत त्यात वरचा उजवा सुळा हाय, खाचंचा, थोडा पिवळा, पण हाय. ठुशी मी चष्मा लावून अजून गाठवती.

ह्यो कागद जो कोण वाचंल तेनं माझं एवढं ऐकावं. दात दुखून आपोआप थांबला तर पोळ्या करू नका, दाखवायला जावा. आन् तुमच्या घरात कुणी सुईत दोरा ओवायला उजेडाला जाऊन बसाय लागलं असंल, दुसऱ्याला म्हणत असंल की तू ओव, मी बगते, तर तिच्या हातातलं काम काढून घेऊ नका. शेजारी बसा आन् हळूच इचारा, तुला दिसतंय का.